मजकूर हलवा, पण नावासकट!

गेल्या दिवाळीत आमच्या बचत गटानं पाककृतींची पुस्तिका काढली. जुन्या वह्यांतून मजकूर उतरवून घेतला तो मीच. पुस्तिका हातात पडल्यावर गटातल्या एक काकू हळूच म्हणाल्या, "अगं, सांडग्यांची कृती माझी होती. नाव मात्र कुठंच नाही." मी चपापले. वही बदलताना कृती आली, काकू मागेच राहिल्या!

हे पुन्हा आठवलं ते भाचीमुळे. ती मराठी विकिपीडियावर लिहिते. विकी म्हणजे एकानं लिहावं, दुसऱ्यानं भर घालावी, असं संगणकावरचं सामायिक लिखाण. मला वाटायचं, तिथल्या लेखावर नाव नसतं म्हणजे तो कुणाचाच नसतो. ती म्हणाली, "मावशी, 'इतिहास पहा'वर टिचकी मार ना." पाहते तर काय, कुणी, कधी, कोणता बदल केला याची अख्खी यादी!

हा मजकूर कुणीही फुकट घेऊ शकतं. मुख्य अटी दोन. लिहिणाऱ्यांना श्रेय द्यायचं आणि आपण केलेले बदलही पुढच्याला याच अटींवर वापरू द्यायचे. गोची होते ती मजकूर एका विकीवरून दुसऱ्या विकीवर नेताना. नुसता उचलून चिकटवला, तर तिथल्या इतिहासात नाव लागतं ते चिकटवणाऱ्याचं.

विकिट्रॅव्हल या प्रवासविषयक विकीवरच्या अनेक लेखकांचं मालक कंपनीशी पटेना. २०१२ मध्ये त्यांनी वेगळी चूल मांडायचं ठरवलं. कंपनीनं दोघा स्वयंसेवकांवर खटलाही भरला. तरी १५ जानेवारी २०१३ रोजी विकिव्हॉयेज रीतसर सुरू झालं. मंडळींनी लेख आणले ते इतिहासासकट. शिवाय तिकडचं एखादं सदस्यनाव इकडे भलत्याचंच असू शकतं. म्हणून इंग्रजी लेखांच्या जुन्या लेखकांच्या नावापुढे 'डब्ल्यूटी-ईएन' अशी खूण जोडली. एका सुनीताचं काम दुसऱ्या सुनीताच्या खात्यावर जायला नको ना!

अनुवादालाही हाच नियम. इंग्रजी लेख मराठीत आणला, तर मूळ लेखाचा दुवा नोंदवावा लागतो. आपला १९५७चा कॉपीराइट कायदाही कलम ५७ मध्ये सांगतो, की हक्क विकले तरी 'हे मी लिहिलं' म्हणण्याचा लेखकाचा अधिकार उरतोच.

एवढ्याशा नावासाठी कशाला एवढी यातायात, असं काहींना वाटेल. पण मैत्रिणींनो, जात्यावरच्या ओव्या रचणाऱ्या कितीजणींची नावं आपल्याला ठाऊक आहेत? तेव्हा ती लिहून ठेवणारं कुणी नव्हतं. आज नोंद आपोआप होते. ती पुसली गेली, तर दोष आपल्या आळसाचा. फुकट दिलेल्या कामाचा मोबदला म्हणजे नाव, तेवढंच.

पुस्तिकेची दुसरी आवृत्ती आता छापायला द्यायची आहे. त्याआधी मी वह्या पुन्हा उघडल्यात आणि प्रत्येक कृतीखाली नाव लिहितेय. सुरुवात सांडग्यांपासून.