वीज परत येते तेव्हा जबड्यात कोण असतो?

खडी क्रशरची वीज गेली की मालक बुडालेले ब्रास मोजतो. आम्ही विचारतो, जबड्यात अडकलेला दगड काढायला आत कोण वाकतो? वडार, बौद्ध, आदिवासी मजूरच ना?

व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढते, तापते, जबडा दगडासकट थांबतो. मजूर पहार घेऊन आत शिरतो आणि तेवढ्यात वीज येते. स्टार्टरमधली नो-व्होल्ट कॉइल याचसाठी असते. वीज गेली की ती सुटते, बटण दाबल्याशिवाय यंत्र चालू होत नाही. वेळ वाचवायला ती दोरीने बांधून ठेवली, तर वीज येताच जबडा हलतो. हा अपघात नव्हे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. वीजधोरण आणि खाणकामगार, दोन्ही विषय त्यांच्याकडे. डिसेंबर १९४३ मध्ये ते झरियाच्या कोळसाखाणी पाहायला गेले. तरीही आपल्यातलेच काही जण वीजपुरवठा हा ‘मालकांचा प्रश्न’ म्हणतात! आम्हाला ते मान्य नाही. स्थिर वीज मालकाने मागावी, जरूर मागावी. आमची मागणी त्याआधीची: दगड काढण्यापूर्वी मेन स्विचला कुलूप, चावी आत उतरणाऱ्याच्याच खिशात, आणि वीज नसलेल्या तासांचीही मजुरी.