शेवाळाचे वकीलपत्र

खाऱ्या पाण्याचा फिशटँक घरात ठेवणाऱ्या माणसाकडे दोन प्रकारचे पाहुणे येतात. पहिले मासे बघतात. दुसरे शेवाळ बघतात. दुसऱ्या प्रकारचे पाहुणे संख्येने जास्त असतात आणि चहाही तेच दोनदा घेतात. "अय्या, काच हिरवी झालीय की हो!" असे म्हणून ते आपल्याकडे अशा नजरेने बघतात, की जणू आपण चार दिवस आंघोळच केलेली नाही. मग सल्ला येतो, "बाजारात औषध मिळतं की त्यावर! दोन झाकणं टाका, सगळं साफ!"

माझे भांडण आहे ते ह्या दोन झाकणांशी.

शेवाळाची बाजू घेऊन आजवर कोणी भांडलेले माझ्या ऐकिवात नाही. तेव्हा ते वकीलपत्र मीच घेतो. माझे अशील हिरवे आहे, केसाळ आहे, दिसायला ओंगळ आहे, सगळे मान्य. पण ते आगंतुक नाही. पान मांडून, आग्रह करकरून आपणच त्याला जेवायला बसवलेले आहे.

पान कसे मांडले जाते ते बघा. मराठी घरात माशालासुद्धा "अजून थोडं घे" म्हटल्याशिवाय वाढत नाहीत. सकाळी आजोबा खाणे घालतात, आजोबा विसरले असतील म्हणून सूनबाई घालतात, शाळेतून आलेला बंड्या तर मूठच सोडतो. खाल्लेले आणि न खाल्लेले, दोन्ही शेवटी पाण्यातच राहते. त्याचा अमोनिया होतो. जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि नायट्राइटचे नायट्रेट. इथे गाडी थांबते. समुद्रात तिला पुढे जायला वाट आहे, चार फुटी काचेच्या पेटीत नाही. खाण्यातून आलेले फॉस्फेटही साठते, दगडांत मुरते आणि आपण विसरलो की जुन्या उधारीसारखे हळूच वर येते. त्यात डोक्यावर बारा तास दिवा! शेतकऱ्याला याहून वेगळे काय लागते हो? खत आपण घातले, ऊन आपण पाडले, आणि पीक उभे राहिले की पोलिसांत वर्दी!

दुसरा वाटेकरी आपला नळ. १९५१ साली मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उघडले तेव्हा त्याच्या दारात समुद्र होता. आमच्या दारात घंटागाडी येते. त्यामुळे समुद्र घरी कालवावा लागतो, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ ह्या हिशेबाने. आता ह्या समुद्रातले पाणी रोज आटते, पण पाण्यातले बाकीचे काही आटत नाही. आटल्या जागी नळाचे पाणी ओतले, की त्यातले नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका तांब्यागणिक आत येते आणि मुक्कामाला राहते. नव्या टँकमध्ये जी तपकिरी भुकटी धरते ती डायटमची. त्यांना कवचासाठी सिलिका लागते. ती संपत आली की काही आठवड्यांत भुकटी बहुधा आपली आपण जाते. पण तेवढा धीर कोणाला? खरे तर वरून घालायचे पाणी आर.ओ. करून आणि पुढे डी.आय. रेझिनमधून गाळून घ्यावे. आमच्या सोसायटीत ह्याला 'माशांचे नसते लाड' म्हणतात. म्हणोत.

आता त्या बाटलीकडे वळू. काही बाटल्यांत तांबे असते. तांब्याने शेवाळ मरते, यात शंका नाही. पण गोगलगायी, कोळंब्या आणि खेकडेही मरतात. म्हणजे चोर पकडायला आलेल्यांनी आधी गुरख्यालाच झोपवायचे! काहींत प्रतिजैविक असते, ते लाल बुळबुळीत सायीसाठी. ही साय खरे म्हणजे शेवाळच नव्हे. ते सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू. ह्यांच्या पूर्वजांनी सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू भरायला घेतला, म्हणून आज आपल्याला त्यांच्याकडे बघून नाक मुरडता येते.

"पण काच साफ होते ना?" बाटलीवाले विचारतात. होते. नाही कोण म्हणतो? पण मेलेले शेवाळ जाते कुठे? ते तिथेच कुजते, खाल्लेले सगळे खत पाण्याला परत करते आणि कुजता कुजता पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. माझ्या एका स्नेह्यांनी दुकानदाराच्या भरवशावर अख्खी बाटली ओतली. तिसऱ्या दिवशी काच आरशासारखी लखलखत होती आणि क्लाऊन माशांची जोडी तळाशी आडवी होती. क्लाऊन मासा नीट सांभाळला तर वीस-वीस वर्षे जगतो. ही जोडी दोन वर्षांचीही नव्हती. दुकानदाराने हळहळ व्यक्त केली, नवी जोडी दाखवली आणि सोबत दुसरी बाटली. महिन्याभरात शेवाळ परत आले. मासे आले नाहीत.

याच्या उलट टोकाला शून्यवाले असतात. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, काच शून्य नंबरच्या चष्म्यासारखी! अशा उपाशी पाण्यात डायनोफ्लॅजेलेट नावाची तपकिरी, बुडबुडेवाली, शेंबडासारखी जमात फोफावू शकते. ती आली की माणूस हिरव्या शेवाळाची आठवण काढून रडतो. आणि ज्या प्रवाळाची चित्रे पाहून ही मंडळी वेडी होतात, ते प्रवाळही अंगात सूक्ष्म शेवाळ पाळून त्याच्या कमाईवर जगतात. (आपल्याकडे प्रवाळ घरी आणायला वन्यजीव कायद्याने बंदी आहे, आणि ते योग्यच आहे.)

मग करायचे काय? तर बाह्या सरसावून शेवाळ हाताने उपटायचे. जुना टूथब्रश, एक नळी, एक बादली. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचे आणि सुटलेले शेवाळ त्याच नळीने ओढून काढायचे. दिवा आठ तास पुरे. खाणे दोन मिनिटांत फस्त होईल एवढेच. चार गोगलगायी ठेवाव्यात. चाळीस ठेवल्या तर शेवाळ संपल्यावर त्या उपाशी मरतात. आणि सगळ्यांत गमतीचा उपाय म्हणजे टँकखालच्या पेटीत केटोमॉर्फा नावाचे शेवाळच लावायचे, रात्री त्यावर दिवा ठेवायचा. वरच्या शेवाळाचे जेवण ते खाली बसून फस्त करते. वाढले की मूठभर उपटून फेकायचे. त्याबरोबर खतही घराबाहेर. शेवाळाचा बंदोबस्त शेवाळच करते! माझ्या अशिलाच्या बाजूने याहून मोठी साक्ष मी कुठून आणू?

ह्या सगळ्याला दोन-तीन महिने लागतात, आणि दुकानदाराला त्यात काही सुटत नाही, म्हणून तो हे सांगत नाही. तेव्हा पुढच्या खेपेला कोणी बाटली पुढे केली, तर तिच्यावरचा कागद नीट वाचा आणि विचारा, "चिमूटभर कमी खाणं घालायची अक्कल ह्यात किती मिलिलिटर आहे हो?"