मुलांच्या हाती सोल्डरिंग गन द्या!

बंद पडलेला मिक्सर मुलाने उचकटला की आपल्या घरात पहिला शब्द निघतो, "नसते उद्योग बंद कर, अभ्यासाला बस!" आईबापांची तळमळ आम्ही जाणतो. शिक्षणानेच आपली माणसे वर आली. परंतु मोटार का फिरते हे शोधणारे मूलही अभ्यासच करीत असते, हे आंबेडकरी समाजाने आता समजून घेतले पाहिजे.

ऑक्टोबर १९४२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. कला आणि कायद्याच्या पदव्यांपेक्षा हे शिक्षण या वर्गाच्या अधिक उपयोगाचे, असे त्यांनी मांडले. आम्ही काळा कोट घालणारे असलो तरी हे मांडणारा महामानव स्वतः बॅरिस्टर होता, हे विसरून चालणार नाही.

जातिव्यवस्थेने हात आणि डोके वेगळे केले. चामड्याची, दोराची, बांबूची विद्या आमच्या हातात होती. तिला विद्या म्हटले गेले नाही. उद्यमनगरपासून शिरोलीपर्यंत फौंड्र्या आणि मशीनशॉप पसरलेल्या या कोल्हापुरात भट्टीसमोर आमचे हात दिसतात. यंत्राचा आराखडा काढणाऱ्या टेबलावर ते किती दिसतात?

हे बदलण्याचे साधन आज स्वस्त झाले आहे. २००५ साली इटलीतील इव्रेआ येथे विद्यार्थ्यांसाठी 'आर्डुइनो' हा छोटा बोर्ड तयार झाला. त्याचा आराखडा सर्वांना खुला ठेवल्यामुळे तशाच धाटणीचा बोर्ड आज काहीशे रुपयांत मिळतो. त्याची एक पिन फार तर ४० मिलिअँपिअर देते. मोटारीला त्याहून कितीतरी जास्त लागते. थेट जोडली तर बोर्ड जळू शकतो, मध्ये ड्रायव्हर बसवला की चाक फिरते. कारण बदलले की परिणाम बदलतो. तथागतांचा धम्म 'एहिपस्सिको' म्हणतो, या आणि स्वतः पाहा. टेबलावरची मोटार दुसरे काय सांगते?

याला कुणी श्रीमंतांच्या पोरांचा छंद म्हणू नये. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. पण भरपाई माणूस मेल्यावर मिळते! केरळातील तरुण इंजिनिअरांनी मॅनहोल साफ करणारे 'बँडिकूट' यंत्र बनवले आणि २०१८ मध्ये ते तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागले. ज्या वस्तीतली माणसे गटारात मेली, त्या वस्तीतल्या मुलीने उद्या याहून सरस यंत्र का घडवू नये?

२०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान ठरले. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांत अशा ५० हजार लॅब उभारण्याची घोषणा झाली. त्यातल्या किती आमच्या महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांना मिळाल्या? कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून हिशेब मागावा.

पण सरकारची वाट पाहत बसू नये. जयंतीच्या एका रात्रीच्या डॉल्बीचे भाडे वाचवा. त्यात विहारात एक टेबल, सोल्डरिंग गन, मल्टिमीटर आणि चार बोर्ड सहज येतील. आठवड्यातून दोन संध्याकाळी वस्तीतल्या एखाद्या इलेक्ट्रिशियनला वा डिप्लोमाधारकाला तिथे बसवा. 'शिका' या आदेशात हेही शिक्षण येते.

जयभीम!