मुंडकं तरी काढायचं म्हणे!

"शी! अख्खं डुक्कर?" "रानटीच दिसतात तुझे शेजारी." "निदान मुंडकं तरी काढायचं!"

शेजाऱ्याच्या परसातले फोटो घरच्यांना पाठवले, त्यावर आलेली ही मुक्ताफळं. उधळणाऱ्यांत एकही शाकाहारी नाही, हे आधीच सांगून टाकतो. शाकाहारी मंडळींशी माझं भांडण नाहीच. भांडण आहे ते 'बोनलेस'वाल्यांशी.

आधी रानटीपणाचं बघू. इथे नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात अख्खं डुक्कर भाजणं हा घरगुती सोहळा असतो. 'खड्डा' म्हणतात खरा, पण हल्ली तो खणतातच असं नाही. सिमेंटचे पोकळ ब्लॉक जमिनीवर नुसते कोरडे रचायचे, वर सळ्या आणि जाळी. जाळी जस्ताचा मुलामा दिलेली नको, तापली की विषारी धूर सोडते. बाजूला पिंपात ओक, हिकरीची लाकडं जळत असतात. त्यांचे निखारे फावड्याने खाली सारायचे, तेही सगळीकडे सारखे नाहीत. खांद्यांखाली आणि मांड्यांखाली जास्त, मधल्या बरगड्यांखाली जेमतेम. चरबी टपकून एकदा भडका उडाला की मेहनत पाण्यात. चाळीसेक किलोच्या जनावराला १०-१२ तास सहज लागतात, म्हणजे कुणीतरी रात्रभर जागतं. शेवटी वरून व्हिनेगर, मीठ आणि लाल मिरची. टोमॅटो घालणं हा राज्याच्या पश्चिमेकडच्यांचा भ्रष्टाचार! मांस बोटांनी सुटून येतं, आणि कुरकुरीत कातडीसाठी मोठी माणसं लहान मुलांसारखी भांडतात.

यात रानटी काय आहे, कुणीतरी समजावून सांगा.

थंडीत अलिबागकडे पोपटीला जाता ना? मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मसाला चोळलेली कोंबडी, आणि भोवती पेटता जाळ. तेव्हा मात्र 'अहाहा, मातीचा वास!' का? मडक्यातून कोंबडी आपल्याकडे बघत नाही म्हणून?

बरं, हॉटेलातल्या न्याहारीतलं बेकन चालतं, कारण ते पट्टीच्या आकाराचं असतं. ते डुक्कर कुठून येतं? याच राज्यात एका छपराखाली शेकड्यांनी, हजारांनी डुकरं कोंबलेले कारखाने आहेत. त्यांचं मलमूत्र उघड्या तळ्यांत साठवतात. १९९९ मध्ये फ्लॉइड वादळाच्या पुरात यातली कित्येक तळी भरून वाहिली, काही फुटली आणि ती घाण नद्यांत गेली. या तळ्यांच्या आसपास राहणाऱ्यांत गरीब आणि काळी माणसं फार. पाकिटावर यातलं काहीच दिसत नाही. पाकीट असतंच त्यासाठी. माझ्या शेजाऱ्याने निदान ज्या शेतकऱ्याकडून डुक्कर आणलं, त्याचं अंगण बघितलं होतं.

पण मला खरी टोचली ती एका काकांची ओळ: "हे आपलं खाणं नव्हे." आपलं म्हणजे कुणाचं, काका? गावात डुक्कर कुणी पाळायचं आणि सुटलं की कुणी पकडायचं, हे जातीने ठरवून दिलेलं होतं. नागराज मंजुळेंचा 'फँड्री' २०१४ मध्ये चित्रपटगृहांत आला तेव्हा हळहळलात तुम्हीच. मग ही शिसारी नक्की कुणाची? जनावराची, की त्या जनावराबरोबर आपल्या मनात चिकटलेल्या माणसांची?

इथलाही इतिहास काही फार वेगळा नाही. गुलामगिरीच्या काळात खड्ड्यापाशी रात्रभर धूर खात जागणारा बहुधा गुलाम असायचा, आणि जेवणाची वाहवा मालकाच्या वाट्याला जायची. त्यातल्या बहुतेकांची नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत. २०१८ मध्ये रॉडनी स्कॉट या साउथ कॅरोलायनाच्या काळ्या आचाऱ्याला जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. लहानपणापासून अख्खी डुकरं भाजणारा माणूस! पोहोचायला किती वर्षं लागली बघा.

असो. या सगळ्या गदारोळात एकट्या आत्याने विचारलं, "चव कशी लागते रे?" आत्या, आंबटतिखट आणि धुरकट. सगळ्यांत मऊ मांस गालाचं असतं. पुढच्या उन्हाळ्यात येते आहेसच, शेजाऱ्याला तुझ्यासाठी राखून ठेवायला सांगतो.