गाडी खानदानी, टायर साधे

जुनी स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या माणसाला सल्ला मागावा लागत नाही. तो गाडी रस्त्याच्या कडेला उभी करतो आणि सल्ला आपल्या पायांनी चालत येतो. रंग, कार्ब्युरेटर, हॉर्नचा आवाज, सगळ्यांवर लोकांना मतं असतात. पण एक विषय असा आहे, की तिथे जाणकारांचा आवाज देवघरात शिरल्यासारखा खाली येतो. तो विषय म्हणजे टायर. "टायर मात्र ओरिजिनलच हवेत हं!" असं बजावून जाणकार आपल्या वाटेने निघून जातो. पैसे अर्थातच तो देत नाही.

माझं भांडण त्या 'हं'शी आहे.

उदाहरणादाखल आपण एम.जी.बी. घेऊ. ती आमच्या साडूंकडे आहे आणि तिच्या टायरांवरून त्यांच्या घरी जे महाभारत झालं, त्यात संजयाचं काम माझ्याकडे होतं. जाणकारांच्या मते टायर विलायतेहूनच यायला हवे होते. त्या काळच्या नक्षीचे टायर काही कंपन्या हौशी लोकांसाठी आजही काढतात, हे खरं आहे. पण किंमत, बोटीचं भाडं आणि जकात अशी बेरीज साडूंनी मांडली, तेव्हा एका टायरच्या पैशात इथले चार येऊन वर घरच्या मंडळींना जेवण घालता येईल, असा हिशेब निघाला. शिवाय जून २०२० मध्ये सरकारने नव्या टायरांच्या आयातीला परवान्याची अट घातली, ती कटकट वेगळीच.

"मग स्विफ्टचे घाला की," मी म्हटलं.

साडूंचा चेहरा असा झाला, की जणू विलायतेत शिकलेल्या त्यांच्या लेकीसाठी मी चाळीतलं स्थळ आणलं होतं. "अहो, एम.जी.ला मारुतीचे टायर?"

ठीक आहे. आधी लेकीचं घराणं बघू. एम.जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डचं एक मोटारींचं दुकान. एम.जी.बी. १९६२ साली ॲबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडली आणि १९८० पर्यंत निघत राहिली. तेवढ्या काळात पाच लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. जी वस्तू पाच लाख घरांत गेली, ती राजघराण्यातली नसते. ती नोकरदार माणसाने पैसे साठवून केलेली चैन होती. तिचं १७९८ सी.सी.चं इंजिन तर बी-सीरीज घराण्यातलं. त्याच घराण्यातलं १४८९ सी.सी.चं धाकटं भावंड आपल्या ॲम्बॅसिडरने वर्षानुवर्षं वाहिलं. म्हणजे जिच्यासमोर लोक फोटो काढून घेतात, ती सरकारी साहेबांच्या पांढऱ्या गाडीची मावसबहीण निघाली! आता सांगा, कुठलं स्थळ कमी पडतं?

राहिले गुण जुळवायचे. पत्रिका टायरच्या अंगावरच छापलेली असते. १६५/८० आर १४. यातले १६५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या बाजूची उंची, त्या रुंदीच्या ८० टक्के. आर म्हणजे रेडियल आणि १४ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. एम.जी.बी.च्या कागदांत १६५ एस.आर. १४ असं लिहिलेलं सापडतं. त्यात ८० नाही, कारण त्या काळी साधारण तेवढी उंची गृहीतच धरलेली असे. आणि स्विफ्ट-डिझायरच्या कित्येक मॉडेलांना कारखान्यातून कुठला टायर आला? १६५/८० आर १४! छत्तीसच्या छत्तीस गुण. वेगाचं म्हणाल, तर एस हे अक्षर ताशी १८० किलोमीटरचं आणि टी हे १९० चं. एम.जी.बी. ऐन तारुण्यात ताशी शंभर मैलांच्या जरा वर, म्हणजे १६५ किलोमीटरच्या आसपास धावायची. आज ती लक्ष्मी रोडवर किती धावते, हे मी सांगायला नको.

"पण ओरिजिनल?" जाणकार सोडत नाही. बाबा रे, कुठलं ओरिजिनल? पहिल्या गाड्यांना ५.६०-१४ मापाचे क्रॉसप्लाय टायर होते. पुढे रेडियल आले, ते कारखान्यानेच बसवले. घडवणाऱ्यालाच जुन्याचा मोह नव्हता, तो राखणाऱ्याला कशाला?

दुसरा पंथ तरुणांचा. त्यांना टायर रुंद आणि बुटका हवा, 'लूक' येतो म्हणून. १८५/६० आर १४ घाला म्हणतात. आता साधं गणित करा. मूळ टायरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर, याचा ५७८. चाक लहान झालं की काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी ९३ ने चाललेली असते. गाडी जमिनीला टेकते ती गोष्ट निराळी आणि पॉवर स्टिअरिंग नसल्यामुळे गाडी लावताना दंडाच्या बेटकुळ्या येतात ती निराळी. रुंदच हवा, तर १८५/७० घ्या. त्याचा व्यास ६१५ च्या आसपास, म्हणजे मुळाजवळचा. तोही इथे मिळतो.

पण हे दोन्ही पंथ परवडले. तिसरा पंथ खरा धोक्याचा. हा माणूस म्हणतो, "टायर? नवेच आहेत की! नक्षी बघा, जशीच्या तशी." नक्षी जशीच्या तशी असणारच. गाडी वर्षातून दोनदा बाहेर निघते, एकदा रॅलीला आणि एकदा दसऱ्याला झेंडूची माळ घालून. पण रबर झिजून मरतं तसं नुसतं बसूनही मरतं. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला कडक करतात, ऊन ते काम लवकर उरकतं, बाजूला बारीक भेगा पडतात. अशा टायरवर ओल्या रस्त्यात ब्रेक दाबणं म्हणजे न्हाणीघरात नव्या वहाणांनी पळणं.

वय ओळखायची खूण सोपी आहे. टायरच्या बाजूवर डी.ओ.टी. या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालचा २३ वा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावा आणि दहानंतर नक्षी कितीही देखणी असली तरी काढावा, असं पुष्कळ टायर कंपन्याच सांगतात. शेवटी तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाच्या आधीचा. त्याचा झोपाळा करावा.

कारण विषय शेवटी हौसेचा राहत नाही. एवढी टनभर गाडी रस्त्याला धरून असते ती चार तळहातांएवढ्या जागेवर. खंडाळ्याच्या घाटात पाऊस असतो, पुढे स्कूटरवर एक माणूस, मागे त्याची बायको आणि मधे पोर. त्या पोराला तुमच्या टायरची नक्षी १९६५ सालची आहे की नाही, याच्याशी कर्तव्य नसतं. गाडी वेळेवर थांबावी एवढंच त्याचं मागणं. महागडा टायर घेणाऱ्याचा धोका इथेच आहे. एवढे पैसे ओतल्यावर तो टायर वीस वर्षं काढवत नाही. स्वस्त टायर वेळेवर बदलताना मात्र जीव तुटत नाही.

सगळ्यांनाच स्विफ्टचे टायर बसतील असं नाही. जग्वारच्या ई-टाइपला वेगाचं वरचं अक्षर लागतं, आणि १९४० च्या दशकातल्या एम.जी. टी.सी.ची चाकं १९ इंचांची, तिला कोपऱ्यावरचा टायरवाला काय देणार? त्यांनी विलायतेला लिहावं. तारांची चाकं असतील तर आत ट्यूब हवी, नाहीतर हवा ताराताराने निघून जाते. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतले कागद खरवडून काढावेत, शंखजिरे भुरभुरावं. बाकीच्यांनी मापाचा, ताज्या तारखेचा साधा टायर घ्यावा आणि उरलेल्या पैशांचं पेट्रोल घालावं.

आणि पुन्हा कोणी "ओरिजिनलच हवेत हं" म्हणाला, तर वाद घालू नका. त्याला त्याच्याच गाडीपाशी न्या, खाली वाकायला लावा आणि ते चार आकडे मोठ्याने वाचायला सांगा.