परत देऊ का?

जॅमचा निकाल लागला आणि नांदेडहून मावसबहिणीचा फोन आला. “ताई, क्वालिफाय झालेय, पण आयआयटीत नंबर लागेल असं वाटत नाही. परत देऊ का?” तिनं संख्याशास्त्रात बीएस्सी केलंय. घरातली पहिली पदवीधर. प्रश्न साधा होता, पण तिचा आवाज चोरी पकडली गेल्यासारखा होता.

तो आवाज माझ्या ओळखीचा आहे. पहिल्या वेळी नेटमध्ये माझी जेआरएफ हुकली, तेव्हा मी घरी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्यांदा फॉर्मही गुपचूप भरला.

ज्या घरात तीन पिढ्या शिकल्या, तिथला मुलगा ‘ड्रॉप घेतलाय’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला ती तयारी वाटते. आपल्याकडे त्याच वर्षाला ‘घरी बसलीय’ म्हणतात. त्यात राखीव जागेचा फॉर्म असेल, तर ‘सवलत असूनही?’ हा प्रश्न कुणी न विचारताच ऐकू येतो. मग आपण लाजेपोटी दुसरा प्रयत्न सोडतो, नाहीतर ईर्ष्येपोटी डोळे झाकून देतो. दोन्ही वेळा निर्णय आपला नसतो, लोकांचा असतो.

म्हणून तिला म्हटलं, तू संख्याशास्त्राची विद्यार्थिनी आहेस, आधी स्वतःचे आकडे वाच. जॅमचा पेपर १०० गुणांचा. चुकीच्या उत्तराला गुण कापतात ते फक्त पहिल्या, ५० गुणांच्या भागात. उरलेल्या ५० गुणांना ती भीती नाही. उत्तर आकड्यात लिहायचे २० प्रश्न असतात, ३० गुणांचे. तिनं त्यातले निम्मे कोरे सोडले होते, चुकले तर गुण जातील म्हणून! तिच्या कॉलेजात हे सांगणारं कुणी नव्हतं. असे गुण गेले असतील, तर दुसरा प्रयत्न नक्की द्यावा. पण अभ्यासक्रमातला मोठा भाग कधी शिकवलाच गेला नसेल, तर नुसता फॉर्म पुन्हा भरून काही बदलत नाही. आधी शिकवणारं माणूस शोधावं लागेल.

दुसरा हिशोब पैशाचा. अनुसूचित जाती-जमातींना, दिव्यांगांना आणि मुलींना जॅमची फी कमी आहे. पण पुण्यातली खोली, मेस आणि क्लास यांना सवलत नाही. वर्षभराची न मिळालेली कमाईही याच हिशोबात धरायची.

मात्र परत देणं म्हणजे वर्ष घालवणंच, असं नाही. जॅमला वयाची अट नाही. जवळच्या विद्यापीठात एमएस्सीला प्रवेश घ्यायचा आणि फेब्रुवारीत परीक्षाही द्यायची, हा मधला रस्ता आहे. नंबर लागला तर जायचं, नाही लागला तर पदवी चालूच आहे. घरच्या परिस्थितीमुळे परत द्यायची नाही असं ठरलं, तरी तो पराभव नाही.

बाबासाहेबांना १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपल्यामुळे लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. १९२० मध्ये ते पुन्हा गेले. १९२२ मध्ये दिलेला रुपयावरचा प्रबंध परीक्षकांनी सुधारायला सांगितला. त्यांनी तो पुन्हा सादर केला आणि १९२३ मध्ये डीएस्सी मिळवली. त्यांची जयंती करणाऱ्या आपल्याला दुसऱ्या प्रयत्नाची लाज का वाटावी?

१९३१ नंतर जनगणनेत सगळ्या जातींचे आकडे प्रसिद्ध झालेले नाहीत. येत्या जनगणनेत जाती मोजायचं केंद्र सरकारनं २०२५ मध्ये जाहीर केलं. माणसं मोजली जातील, पण त्या आकड्यांचा अर्थ कोण लावणार? आजवर आपण तक्त्यातली एक ओळ होतो. तक्ता मांडणाऱ्यांमध्ये आपली मुलं-मुली हवी असतील, तर काहींना ही परीक्षा दोनदा द्यावी लागेल. त्यांनी ती घरी सांगून, मान वर करून द्यावी.