दोहदाचा पुरावा

अद्भुत चित्र काढणाऱ्यास निरीक्षणाचे प्रयोजन नसते, पाहिलेल्या वस्तूची बेडी तुटली की कल्पनाशक्ती आपोआप मोकळी होते, असे मत सुशिक्षितांच्याही तोंडून ऐकू येते. आणि त्यापायीच पंखांचा घोडा किंवा बोलणारे झाड काढू पाहणाऱ्या मुलाला खऱ्या झाडासमोर कोणी बसवीत नाही. या मताच्या खंडनासाठी अहमदनगरच्या निजामशाही दरबारातील एक पोथी पुरेशी आहे.

हुसेन निजामशाहाच्या स्तुतीप्रीत्यर्थ आफताबी नामक कवीने रचलेल्या ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ या फार्सी काव्याची, 1565 च्या सुमारास सिद्ध झालेली सचित्र प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तीत एका चित्रात स्त्रीच्या स्पर्शाने वृक्षास बहर येतो. हा दोहदाचा कविसंकेत. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त स्त्रीच्या पायाच्या स्पर्शाने अशोक फुलतो तो याच न्यायाने. परंतु या पोथीतील स्त्रिया निरखून पाहाव्यात: अंगात चोळी, पाठीवर लांब वेणी, वेणीच्या टोकाला गोंडा आणि दक्षिणी रीतीने अंगाभोवती घेतलेले वस्त्र. माथ्यावरचे सोनेरी आकाश इराणी शिरस्त्याचे, कोणी न पाहिलेले. त्याखालचा गोंडा मात्र कोणीतरी डोळे भरून पाहिलेला आहे, आणि त्या गोंड्याच्या जामिनकीवरच आपण ते आकाश मान्य करतो.

यावर हरकत घेतली जाईल, की संकेत हा परंपरेचा ऐवज. त्यात चित्रकाराची प्रतिभा कोठे, आणि निरीक्षण तरी कोठे? माझे उत्तर असे, की संकेतही प्रथम पाहण्यातूनच निपजला असला पाहिजे. सीता-अशोक (कुंपणाच्या कडेने सरळसोट लावतात तो नव्हे) फुलतो तेव्हा त्याचे गुच्छ जुन्या फांद्यांतून, कधी थेट खोडाच्या सालीतून फुटतात. काल जे लाकूड निर्जीव वाटत होते त्यावर आज पिवळे-नारिंगी झुबके, आणि तीच फुले जून होता होता लाल झालेली! कोणीतरी येथे लाथ मारून गेले असावे, हा तर्क ते खोड पाहणाऱ्यालाच सुचेल. घरात डोळे मिटून बसणाऱ्याला नव्हे.

म्हणून आमची विनंती एवढीच, की अद्भुताची ओढ असलेल्या मुलाला वसंतात एक सकाळ त्या अशोकाखाली बसवावे. सालीच्या भेगा, कळ्यांचा दाटवा, एकाच झुबक्यातले तीन रंग त्याने कागदावर उतरवून घ्यावेत. मग हवी तर त्या खोडावर एखाद्या यक्षिणीची टाच खुशाल टेकवावी.